बापूसाहेब मोटार तपासतात

अमरावतीत ज्याला कोणाला जुनी मोटार घ्यायची असे, तो आधी अंबापेठेत बापूसाहेब आसरकर वकिलांकडे येई. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहा, अशी तेव्हाची तऱ्हा. म्हणून लोक जुन्या घेत, आणि जुन्या गाडीच्या पोटात काय दडलं आहे ते बापूसाहेबांना विचारत. वकिली त्यांची बेताचीच होती. कोर्टात अशिलाला ते जे सांगत ते महिन्याभरात खोटं ठरे. मोटारीबद्दल जे सांगत ते खरं की खोटं, हे ठरवायला मात्र कोणाजवळ काही साधन नव्हतं. म्हणून तिथं त्यांचा शब्द चालला.

त्यांच्याजवळ मोटार नव्हती, सायकल होती. "मनासारखी गाडी मिळत नाही हो," असं ते तोंड वाईट करून सांगत. "सगळ्या वळणावर उघड्या पडतात."

वळण हे त्यांचं शास्त्र. इंजिन, ब्रेक, बॅटरी ही मिस्त्री लोकांची कामं, त्यात ते पडत नसत. सरळ रस्त्यावर कोणतीही गाडी सज्जन असते, तिचा स्वभाव वळणावर कळतो, असं त्यांचं म्हणणं. देश सोडून गेलेल्या एका इंग्रज साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना मोटारींच्या मासिकांचा गठ्ठा मिळाला होता. तो वाचून त्यांना हे कळलं. त्यातली चित्रं ते आल्यागेल्याला दाखवत. साहेबानं मासिकं का टाकली आणि मोटार का बरोबर नेली, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

वडाळी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठं वळण होतं. रविवारी सकाळी बापूसाहेब तिथं गाडी आणत. ते वळण आधी सावकाश घेत, मग जोरात, मग टायर ओरडतील इतक्या जोरात. वळण संपता संपता स्टेअरिंगवरचे हात सोडून देत. चाकं आपसूक सरळ झाली तर गाडी खानदानी. वळताना पुढची चाकं बाहेर ओढली गेली तर ते म्हणत, "नाक काढते." मागची घसरली तर, "शेपूट टाकते." नाक काढणारी गाडी एक वेळ घ्यावी, शेपूट टाकणारी दारात उभी करू नये. गाडी घेणारा शेजारी बसून मान डोलवी. त्याचे दोन्ही हात डॅशबोर्डला घट्ट चिकटलेले असत.

इथवरही ठीक होतं. पण बापूसाहेबांनी या शास्त्रात स्वतःची एक भर घातली होती. ती भर म्हणजे त्यांची बायको.

अनसूयाबाईंना मोटार लागायची. टांगा चाले, रेल्वे चाले, पण मोटारीचा नुसता पेट्रोलचा वास आला तरी पोटात ढवळायचं. दुसऱ्या एखाद्यानं अशा बायकोला घरी ठेवलं असतं. बापूसाहेबांनी तिला मागच्या सीटवर बसवलं, अगदी मधोमध. कशाला धरायचं नाही, असा नियम होता. धरलं तर तपासणी खोटी. बसण्याआधी पोटभर जेवायचं, रिकाम्या पोटावरही तपासणी खोटी. पुढं बसून बापूसाहेब मागं कान देत. बांगड्या वाजल्या म्हणजे गाडी हलकी कलते. खांदा दारावर आदळला म्हणजे जास्त कलते. आणि वळण घेऊन झाल्यावर अनसूयाबाईंनी पदर तोंडाशी नेला, की संपलं. गाडी थांबे, बाई रस्त्याच्या कडेला वाकत, आणि बापूसाहेब तिकडे पाठ करून घेणाऱ्याला सांगत, "मागच्या स्प्रिंगचे पाटे गेले आहेत. यंत्र खोटं बोलेल, ही बोलणार नाही."

बाईंकडे ते तेव्हा कधीच पाहत नसत. किळस येते म्हणत.

अंबापेठेतल्या बायका काही कमी नव्हत्या. शेजारच्या बेबीताई कुंपणावरून विचारत, "काय अनसूयाबाई, आज कोणाची गाडी ओकून आल्या?" बाकीच्या हसत. अनसूयाबाईही हसत. मूलबाळ नव्हतं, सासू-सासरे गेलेले, दिवसभर घरात बोलायला भिंती. गावातल्या बड्या लोकांच्या मोटारीत बसायला मिळतं, असंही काहीजणी मागून म्हणत. त्यांना एकदा मधोमध बसवायला हवं होतं.

अनसूयाबाईंचं माहेर अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. तिथं त्यांची आई सत्यभामाबाई आणि भाऊ कमलाकांत. भाऊ डॉक्टर. अमरावतीहून अकोला काही लांब नाही. बडनेऱ्याला रेल्वेत बसलं की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण अनसूयाबाईंनी आईचं तोंड पाहून तीन वर्षं झाली होती, आणि त्याचं कारण एक टांगा.

झालं असं, की कमलाकांतांच्या मुलाच्या मुंजीला बापूसाहेब स्टेशनवरून टांग्यानं आले आणि टांगा नेमका दाराशी उभा राहिला. कमलाकांतांनी तेव्हा नवीनच ऑस्टिन घेतली होती. ते मागून आले आणि म्हणाले, "भाऊजी, टांगा जरा बाजूला घ्यायला सांगता? मोटार आत घ्यायची आहे." एवढंच. यात कोणाला काही लागण्यासारखं आहे का? बापूसाहेबांना लागलं. मुंजीचं जेवण त्यांनी गिळलं, घरी आले आणि जाहीर केलं, की पुन्हा त्या दारात जाईन तर मोटारीनं. बायकोही तशीच जाईल. तेव्हापासून दर गाडी आली की म्हणत, "ही चांगली निघाली तर अकोल्यापर्यंत तपासू." एकही गाडी वडाळीच्या वळणापुढं चांगली निघाली नाही. कारण अनसूयाबाईंना मोटार लागायची.

एकदा कमलाकांत स्वतः बहिणीला न्यायला आले होते. बापूसाहेबांनी त्यांना सांगितलं, "रविवारी एका जजची गाडी आहे. हिच्यावाचून कसं होईल?" कमलाकांत शिकलेले गृहस्थ. चहा पिऊन परत गेले.

त्या वर्षी चैत्रात बेबीताई अकोल्याला आपल्या माहेरी जाऊन आल्या आणि आल्या पावली कुंपणाशी आल्या. हसल्या नाहीत.

"तुमच्या आईनं अंथरूण धरलं आहे, अनसूयाबाई. मी पाहायला गेले तर म्हणाल्या, अनसूया आली काय? मी म्हटलं, मी बेबी आहे. तर तोंड भिंतीकडे केलं."

"डॉक्टर दादा काय म्हणतो?"

"डॉक्टर काय म्हणणार. वय झालं म्हणतात. जाऊन या तुम्ही. लवकर जा."

रात्रीच्या जेवणाला अनसूयाबाईंनी विषय काढला.

"अहो, आईला पाहून यावं म्हणते."

"जाऊ ना. काहून नाही जायचं?"

"केव्हा?"

"गाडी आली की."

"रेल्वे तर रोज आहे."

बापूसाहेबांनी घास ताटात ठेवला. "त्या दारात मी टांग्यातून उतरणार नाही. हे मी एकदा सांगितलं आहे."

"तुम्ही नका येऊ. मी बेबीताईंसोबत जाते."

"म्हणजे आसरकर वकिलाची बायको शेजारणीचं बोट धरून रेल्वेनं फिरून राहिली, असं लोकांनी म्हणावं? वाढ. भात वाढ."

अनसूयाबाईंनी भात वाढला. आई मरायला टेकलेली आणि यांना भात लागतो, असं त्या म्हणाल्या नाहीत. अशा बाया म्हणत नाहीत, आणि आपण त्यांना सोशिक म्हणतो. सोशिक म्हणजे काय, दुसऱ्याच्या सोयीचं.

त्याच आठवड्यात किसनराव वानखडे आले. किसनराव शेतकी खात्यात साहेब होते. चांदूर बाजारहून त्यांची अकोल्याला बदली झाली होती, आणि खेड्यापाड्यांतून फिरायला त्यांना गाडी हवी होती. कँपातल्या एका रिटायर जजसाहेबांची लँडमास्टर विकायला निघाली होती, ती तपासून हवी होती. त्यांचं घराणं छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं. बापूसाहेबांनी बार रूममध्ये समतेवर एकदा भाषण दिलं होतं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. किसनरावांना त्यांनी व्हरांड्यातली खुर्ची दिली. चहा आला तो वेगळ्या कपात आला. तो कप फळीवर वेगळा ठेवलेला असे. तो अनसूयाबाईंनीच आणला, त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

किसनरावांनी कपाकडे पाहिलं. "नको काकू, आत्ताच झाला," म्हणाले. मग बापूसाहेबांकडे वळले. "वकीलसाहेब, मले अकोल्याले क्वार्टर पाहाले जायचंच आहे. जजसाहेबानं दिवसभराकरता गाडी देली. तिकडंच चालवून पाहिली त?"

"लांबचा रस्ता आहे," बापूसाहेब म्हणाले.

"मंग बराबर तपासणी होईन ना!"

दाराआडून अनसूयाबाईंनी अकोल्याचं नाव ऐकलं. रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी अकोल्याला चालली आहे. मोटारीनंच. आता तरी आईकडे नेता ना?"

"नेतो," बापूसाहेब म्हणाले. "तिथपर्यंत टिकली तर."

म्हणजे अनसूयाबाई टिकल्या तर. हे त्यांना बरोबर कळलं. त्यांचं पोट जिथं उलटेल, तिथं गाडी नापास होईल आणि तोंड अमरावतीकडे फिरेल. आईचं तोंड पाहायचं तर अकोल्यापर्यंत तोंड मिटून जायला हवं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्यासमोर ताट वाढून घेतलं आणि ते कोट घालायला आत गेल्याबरोबर गाईपुढं ठेवलं. कनवटीला लिंबू आणि सुकवलेला आवळा बांधला. बापूसाहेबांनी थर्मास घेतला, कारण किसनरावांच्या क्वार्टरमध्ये पाणी प्यायची पाळी येऊ नये. समतेच्या भाषणात थर्मासाचा उल्लेख नव्हता.

लँडमास्टर उन्हात उभी राहून तापली होती. आतल्या सीटच्या रेक्झिनचा वास येत होता. अनसूयाबाई मधोमध बसल्या. किसनराव पुढं, बापूसाहेबांच्या शेजारी.

"काकूले काहून मागं बसवलं? खिडकीजवळ बसू द्या ना," किसनराव म्हणाले.

बापूसाहेबांनी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. पाटे, बांगड्या, खांदा, सगळं. किसनराव आधी समोरचा रस्ता पाहत बसले. मग बडनेऱ्याचं वळण आलं तेव्हा तेही मागं वळून पाहू लागले. मोटार घेणारा माणूस शेवटी मोटार घेणाराच.

मूर्तिजापूरपर्यंत रस्ता सुताच्या दोऱ्यासारखा सरळ. दोन्हीकडे बाभळी, मोकळी काळी शेतं, आणि पुढं ऊन हलताना दिसे. बापूसाहेब कंटाळले. वळण नाही म्हणजे विद्वत्ता नाही. मग ते मिळेल तिथं वळणं करू लागले. रेल्वे फाटकाच्या कडेनं गाडी वाकडी घातली. मूर्तिजापुरात बैलबंडीला उगाच वळसा घातला. बंडीवाला ओरडला, "ओ सायेब, रस्ता सरळ हाय ना!" अनसूयाबाईंनी लिंबू तोंडात धरलं. खांदा दारावर आदळला, तो त्यांनी आदळू दिला. बांगड्या वाजल्या, त्या वाजू दिल्या. पोट मात्र मुठीत धरावं तसं धरलं आणि डोळे समोर किसनरावांच्या टोपीवर खिळवून ठेवले.

काटेपूर्णेच्या पुलाआधी रस्ता एकदम खाली उतरून वळतो. तिथं बापूसाहेबांनी गाडी अशी घातली, की किसनराव म्हणाले, "साहेब, मले गाडी घ्यायची आहे, मयत नाही काढायची." टायर ओरडले. बापूसाहेबांनी हात सोडले. स्टेअरिंग आपसूक फिरून सरळ झालं. त्यांनी मागं कान दिला. काही नाही.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं असेल.

"बरं वाटतं," लिंबामागून अनसूयाबाई म्हणाल्या.

बापूसाहेबांचा चेहरा पडला. गाडीत खोड सापडली नाही तर तपासणारा कशाला हवा? बोरगावपासून अकोल्यापर्यंत त्यांनी एकही वळण केलं नाही.

अकोला आलं. बाजार आला, मोर्णेचा पूल दिसू लागला. पुलापलीकडे जुन्या शहराची घरं एकाला एक टेकून उभी होती. अनसूयाबाईंनी लिंबू काढून पदरात बांधलं. पुलाच्या तोंडाशी येऊन गाडी डावीकडे वळली.

"अहो, पूल तिकडे राहिला."

"माहीत आहे मला."

"मग?"

"गल्ल्या अरुंद आहेत. मडगार्ड घासलं तर? परक्याची गाडी आहे."

किसनराव म्हणाले, "घासलं त घासलं, साहेब. जुनीच आहे. काकूच्या आईची तब्येत बरी नाही म्हणता त चला ना, भेटून घ्या. मी बाहीर थांबतो."

अनसूयाबाई पुढं वाकल्या. मागच्या सीटवर वाकायचं नसतं, पण वाकल्या. "तीन वर्षं तुम्ही मोटार मोटार म्हणून राहिले. ही मोटार नाही काय?"

"कमलाकांत बाहेर येईल," बापूसाहेब समोर पाहत म्हणाले. "विचारेल, गाडी कोणाची. काय सांगू?"

ज्याची होऊ घातलेली गाडी, तो शेजारीच बसला होता आणि काचेबाहेर पाहत होता. त्याच्यासमोर हे बोलताना बापूसाहेबांना आवाज खाली करावासाही वाटला नाही.

"अजून तपासणी संपली नाही," ते म्हणाले आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेभोवती गाडी गोल फिरवू लागले. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. प्रत्येक फेरीला धूळ उडे, आणि पुलाचं तोंड खिडकीसमोरून जाई. पलीकडे आई होती. इकडे हा शहाणा माणूस बायकोला भोवऱ्यासारखं फिरवत होता, ती ओकेपर्यंत.

पुढच्या फेरीला पुलाचं तोंड जवळ आलं तेव्हा अनसूयाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"थांबवा. मला होतंय."

"होतंय?" बापूसाहेबांचा चेहरा असा उजळला, जसा लग्नातही उजळला नसेल. गाडी जागच्या जागी थांबली. "पाहा किसनराव! मी म्हणत नव्हतो? काटेपूर्णेलाच मला शंका आली होती. मागचे पाटे!"

अनसूयाबाई उतरल्या. दार लावलं. बापूसाहेबांनी रिवाजाप्रमाणे तिकडे पाठ केली आणि पाट्यांचं शास्त्र पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. किसनरावांनी थोडा वेळ ऐकलं.

"साहेब," ते म्हणाले, "काकू पुलावर पोचल्या."

बापूसाहेबांनी वळून पाहिलं. बाई कडेला वाकलेल्या नव्हत्या. डोक्यावर पदर घेऊन, उन्हातून, रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. एक हमाल वळून पाहू लागला. बाईंनी पाहिलं नाही. मोटारीनं मागं जावं तर पूल ओलांडावा लागणार, आणि पूल ओलांडला की कमलाकांत. बापूसाहेब हॉर्न वाजवत तिथंच बसले.

सत्यभामाबाई माजघरात खाटेवर होत्या. सुनेनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. म्हातारीनं भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"अनसूया काय?"

"हो आई."

"कशानं आलीस?"

"मोटारीनं."

"अन् तो?"

"पुलापाशी आहेत. मोटार तपासून राहिले."

"कोणाची?"

"दुसऱ्याची."

"पहिल्यापासून तसाच," म्हातारी म्हणाली आणि तिनं लेकीचा हात छातीशी ओढून घेतला. त्यानंतर अनसूयाबाईंचं पोट खरंच ढवळून आलं. मोरीत जाऊन त्या ओकल्या. पोटात काही नव्हतंच, नुसतं लिंबाचं पाणी पडलं. वहिनी पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. ओकताना पाठीवर कोणाचा हात असतो, हे त्या विसरल्या होत्या.

कमलाकांत दवाखान्यातून येऊन, सगळं ऐकून पायी पुलाकडे गेले. पुढचं त्यांनी घरी येऊन सांगितलं. बापूसाहेब गाडीला टेकून उभे होते. कमलाकांतांनी खरोखरच विचारलं, "भाऊजी, गाडी कोणाची?"

"माझीच म्हणा आता," बापूसाहेब म्हणाले. "घेऊन राहिलो."

"अन् हे?"

"हे सोबत आहेत."

किसनराव गाडीच्या पुढून फिरून आले आणि त्यांनी हात पुढं केला. "वकीलसाहेब, किल्ली द्या. गाडी मी घेतली."

"पण अजून तपासणी..."

"झाली तपासणी."

त्यांनी गाडी सुरू केली आणि ते आपलं क्वार्टर पाहायला गेले. थर्मास तेवढा उतरवून दिला. बापूसाहेब तो खांद्याला लावून मेहुण्याच्या मागून पायी पूल उतरले. सासूच्या खाटेशी उभे राहून त्यांनी प्रकृतीची चौकशी केली आणि सांगितलं, की लँडमास्टर मागून सैल आहे. सासूनं तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. "चल," म्हणाले. "रविवारी एक फियाट यायची आहे."

"तुम्ही व्हा पुढं," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी आईजवळ आहे."

"किती दिवस?"

"आई आहे तोपर्यंत."

सत्यभामाबाई मृगापर्यंत होत्या. तोवर अनसूयाबाई त्या माजघरातून हलल्या नाहीत. अंबापेठेत फियाटवाले, मॉरिसवाले विचारत, काकू कुठं आहेत? बापूसाहेब सांगत, बायकोला अकोल्याची हवा मानवली. अकोल्याची हवा, आणि वैशाखात! तिथं तेव्हा कुत्रीसुद्धा नळाखाली बसलेली असत. पण वकिलाचं बोलणं, लोकांनी ऐकून घेतलं.